जेवणाच्या सुट्टीनंतर तुटणारं कनेक्शन

आमच्या पोस्टग्रेस डेटाबेस सर्व्हरचं कनेक्शन अधूनमधून तुटायचं. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, पिंग (नेटवर्क तपासायची कमांड) रात्रभर चालू ठेवलं. डेटाचं एक पॅकेट हरवेल तर शपथ! (जुन्या केबलचं लॉक तुटलेलं होतं, तेवढाच फायदा.) मग अकाउंटवाल्या ताई सहज म्हणाल्या, "जेवून आलं की हमखास अडकतं बघा." तिथेच ट्यूब पेटली. मधली फायरवॉल (नेटवर्कची पहारेकरी) 30 मिनिटं गप्प बसलेलं कनेक्शन दोन्ही टोकांना न कळवता विसरून जात होती. सर्व्हरवरचा लिनक्स मात्र मुळात पहिला कीपअलाइव्ह, म्हणजे गप्प कनेक्शन जिवंत आहे का हे बघणारा छोटा संदेश, पाठवतो 7200 सेकंदांनी, म्हणजे तब्बल दोन तासांनी! पोस्टग्रेसच्या कॉन्फिगमध्ये 'टीसीपी कीपअलाइव्हज आयडल' (पहिल्या कीपअलाइव्हआधीची वेळ) 600 सेकंद, म्हणजे दहा मिनिटं केलं, रीलोड मारला. दुसऱ्या दिवशी ताई जेवून आल्या, बिलं काढत बसल्या, माझ्याकडे बघितलंही नाही.