तलावातल्या प्लवकांची वर्षानुवर्षांची नोंद: या चुका टाळा

सिरपूर आणि यशवंत सागर या इंदूरच्या दोन्ही पाणथळ जागांना 2022मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. तेव्हापासून ओळखीतली कॉलेजची मुलं विचारतात, "काका, आम्हीही पाण्यातल्या वनस्पती-प्लवकांची (तरंगणाऱ्या, प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) नोंद ठेवू का?" ठेवा की. फक्त दहाव्या वर्षी ही वही कोणाच्या हातात असेल, ते आधी बोलून घ्या.

सायबेरियातल्या बैकल सरोवरात मिखाईल कोझोव्ह यांनी 1945मध्ये किनाऱ्यापासून पावणेतीन किलोमीटरवर एक जागा धरली. दर सात-दहा दिवसांनी तिथलं पाणी तपासलं जाई. त्यांच्यानंतर मुलगी ओल्गा, मग नात ल्युबोव्ह. म्हणून वरचं पाणी साठेक वर्षांत 1.21 अंशांनी तापलं, हे 2008मध्ये आकड्यानिशी सांगता आलं. होडी सोयीची पडेल तिथे बाटली बुडवली असती, तर फरक पाण्यातला की जागेतला, हे कोण सांगणार?

खोल, नितळ सरोवरात फक्त वरचं पाणी घेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. उन्हाळ्यात वरच्या थरातली पोषकद्रव्यं संपतात, प्रकाश मात्र खोलवर पोचतो. त्यामुळे हरितद्रव्य सर्वांत जास्त असतं ते कित्येक मीटर खाली. ठरावीक खोलींवरून नमुने घेतले नाहीत, तर सरोवर रिकामं वाटतं. अमेरिकेतल्या टाहो सरोवरात पांढरी सेकी चकती (नितळपणा मोजायला दोराने पाण्यात सोडतात ती) 1968मध्ये सरासरी 31 मीटरपर्यंत दिसत होती. अलीकडे वीसेक मीटरच्या आसपासच दिसते. सिरपुरात एवढा दोर लागत नाही, पण नियम तोच: होडीच्या सावलीच्या बाजूने, दुपारच्या आसपास, गॉगल न लावता.

जाळीने गोळा केलेलं मोजू नका. टाहोत प्रकाश विखुरणाऱ्या सायक्लोटेला या चिमुकल्या डायटमचे (काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय शेवाळाचे) कितीतरी कण जाळीच्या छिद्रांतून निसटतात. जाळी ओळख पटवायला ठीक. मोजणीसाठी न गाळलेलं पाणीच हवं.

पेशी टिकाव्यात म्हणून नमुन्यात ल्यूगॉलचं आयोडीन (आयोडीनचं द्रावण) फिकट चहाचा रंग येईपर्यंत घाला. मी एकदा प्लॅस्टिकच्या बाटल्या खिडकीत ठेवल्या. तीन महिन्यांनी रंग उडालेला, पेशी फुटलेल्या, एक हंगाम वाया. आता काळ्या-तपकिरी काचेच्या बाटल्या, अंधारं कपाट, आणि महिन्याकाठी रंगावर नजर.

मोजणीआधी पाणी निवळू द्या. उंचीच्या दर सेंटीमीटरला चार तास धरा. दहा सेंटीमीटरच्या नळीला चाळीस. घाईने दुसऱ्याच दिवशी मोजलं, तर लहान पेशी अजून वरच असतात.

पाणी हिरवंगार आणि मोजणीत मात्र फारसं काही नाही? मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित जिवाणूंच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, ते तळाला बसतच नाहीत. नमुना सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोरात दाबा. पोकळ्या फुटतात, पेशी खाली येतात.

मोजणारा माणूस बदलला की आकडेही बदलतात. पाण्यात तरंगणाऱ्या, अशाच जिवाणूंचा वंश असलेल्या अ‍ॅनाबिनाला 2009पासून डोलिकोस्पर्मम म्हणू लागले. नव्या मुलाने नवं नाव लिहिलं की आलेखात एक वंश संपतो, दुसरा उगवतो. म्हणून नावांची जुनी-नवी यादी वहीतच चिकटवा, आणि जुन्या-नव्या दोघांनी त्याच दहा बाटल्या वेगवेगळ्या मोजल्याशिवाय वही सोपवू नका.