सायकलसाठी टॉर्क पाना घ्यायचाय? आधी बोल्टवरचे आकडे वाचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट, रविवारी पहाटे यवतेश्वर घाट चढून कासला जायचं ठरलेलं आणि शनिवारी रात्री मी आपलं "एकदा बघून घेतो" म्हणत स्टेमला, म्हणजे हँडल पुढच्या फोर्कला धरून ठेवणाऱ्या तुकड्याला, एलन की लावली. चार बोल्ट होते, तीन नीट बसले, चौथ्याला वाटलं अजून जरासा घेईल, आणि जरासा जरासा करता हाताला एकदम मऊ लागलं. ज्यानं आटे घालवलेत त्याला हा मऊपणा बरोबर माहितीय, पोटात गोळाच येतो. बाकीचे गडी कासला जाऊन आले, मी घरी. सोमवारी एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्या मिस्त्रींकडं स्टेम घेऊन गेलो, त्यांनी बोल्ट बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सायकल हाय का ट्रॅक्टर?"

तर टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला गेला ते सांगणारा पाना, घ्यायचा हे तिथंच ठरलं. पण पुढची चूक पण माझीच. गाड्यांच्या हत्यारांच्या दुकानात गेलो आणि चांगला जाड, अर्ध्या हाताएवढा, अर्धा इंची चौकाचा (बिट-सॉकेट अडकवायचं चौकोनी टोक) पाना घेऊन आलो, रेंज २८ ते २१० न्यूटन मीटर, हे आवळायच्या जोराचं माप. घरी येऊन स्टेमवर वाचतो तर ५. म्हणजे पान्याची सुरुवातच माझ्या बोल्टच्या पाचपटीच्या पुढं. दुकानदाराचा काही दोष नाही, मी सायकल असं बोललोच नव्हतो.

म्हणून पाना बघायच्या आधी टॉर्च आणि कागद घेऊन सायकलजवळ बसा. ज्या बोल्टला तुम्ही घरी हात लावता त्यातल्या बऱ्याच बोल्टांजवळ बारीक अक्षरात आकडा लिहिलेला सापडतो, नसला तर त्या पार्टच्या मॅन्युअलमध्ये असतो. साधारण असं निघेल, सगळे आकडे न्यूटन मीटरमध्ये: स्टेमचे बोल्ट ४ ते ६, सीटपोस्टचा (सीटखालच्या दांडीचा) क्लॅम्प ४ ते ७, ब्रेक कॅलिपर फ्रेमला धरणारे बोल्ट ६ ते ८, गिअरची केबल दाबणारा बोल्ट ५ ते ७, मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरनं दुसऱ्यावर सरकवणारा भाग) फ्रेमच्या हँगरला लागतो तो ८ ते १०, बाटलीचा पिंजरा २-३ च्या आसपास. शिमानोचा दोन बोल्टवाला डावा क्रँक (पायडल लागतं तो दांडा) असेल तर ते दोन्ही १२ ते १४. सहा बोल्टवाली डिस्क असेल तर शिमानो २ ते ४ सांगते, दुसऱ्या कंपन्या जास्त सांगतात, तेव्हा डिस्क ज्याची आकडा त्याचाच घ्या. आणि मग एकदम उडी, कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) लॉकरिंग ४०, पायडल ३५ च्या पुढं, जुन्या चौकोनी एक्सलचा क्रँक ३५ ते ५०.

कागदाकडं नीट बघितलं की दिसतं, एक ढीग २ ते १४ मध्ये आहे, दुसरा ३५ ते ५० मध्ये, मधे जवळजवळ काहीच नाही. नाजूक कामं सगळी पहिल्या ढिगात. कार्बन हँडल दाबलं जाणं, ॲल्युमिनियमचे आटे जाणं, सीटपोस्टला चीर पडणं, सगळं तिथंच होतं, कारण ५ न्यूटन मीटर म्हणजे एलन कीला अंदाजापेक्षा फारच कमी जोर लागतो. हिशोब सोपा आहे, १० सेंटीमीटरच्या दांड्याला टोकाशी ५ किलोचं ओझं लटकलं की झाले ५. आपण मनगट लावलं की ५ किलो कधीच मागं पडतात.

त्यामुळं माझं स्पष्ट मत, घरच्यासाठी पहिला पाना पाव इंची चौकाचा, २ पासून सुरू होऊन २० किंवा २४-२५ पर्यंत जाणारा. "सायकल, बाईक, कार सगळ्याला चालेल" असं लिहिलेलं असलं की सोडून द्या. ५ ते २५ वाला बऱ्याच ठिकाणी सायकलचा म्हणून दाखवतात, पण क्लिकवाला पाना त्याच्या रेंजच्या अगदी तळाशी फारसा भरवशाचा नसतो, आणि आपलं निम्मं काम नेमकं ५ वरच.

आता प्रकार. क्लिकवाला म्हणजे मूठ फिरवून आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की आत कट्ट होतं. मी हाच वापरतो. वांधा एवढाच की ४-५ वर तो कट्ट फार बारीक असतो, पंखा चालू, शेजारी मिक्सर चालू, मग कळतच नाही, हाताला जाणवण्यावर लक्ष ठेवायला लागतं. काट्याचा पाना म्हणजे एक दांडी वाकते आणि दुसरी सरळ दांडी पट्टीवर आकडा दाखवते, त्यात बिघडण्यासारखं काहीच नसतं, काटा शून्यावरनं सरकला तर वाकवून परत शून्यावर आणायचा. खरं सांगायचं तर सगळ्यात प्रामाणिक हत्यार तेच, पण पट्टीच्या बरोबर समोरून बघायला लागतं आणि सीटच्या खाली डोकं घालून ते जमत नाही. तिसरा तो ४, ५, ६ असा ठरावीक आकड्याचा छोटा टी किंवा चावीसारखा, ज्याचं काम फक्त स्टेम आणि सीटपोस्ट, त्याला तेवढा पुरे. डिजिटल चांगले असतात, पण घरी महिन्यातनं दोनदा वापरायच्या वस्तूत सेल घालत बसायचा मला कंटाळा.

अचूकतेवरनं फार डोकं लावू नका. आयएसओ ६७८९ या टॉर्क पान्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात क्लिकच्या पान्यांना १० न्यूटन मीटरपर्यंत सहा टक्के इकडंतिकडं चालतं, त्याच्या वर चार टक्के. ५ चे सहा टक्के म्हणजे ०.३, त्यानं कुणाचा स्टेम तुटत नाही. युनिटकडं मात्र डोळे उघडे ठेवून बघा. आपल्याकडं बरेच पाने किलोग्रॅम-सेंटीमीटर किंवा इंच-पाउंडात येतात, ५ न्यूटन मीटर म्हणजे अंदाजे ५१ किलो-सेंटीमीटर आणि ४४ इंच-पाउंड. आणि बाईकचे मेकॅनिक "पाच केजी" म्हणतात तेव्हा किलोग्रॅम-मीटर बोलत असतात, म्हणजे ४९ न्यूटन मीटर. स्टेमला तेवढं लावलं की मग मिस्त्रींकडंच.

घेताना अजून दोन गोष्टी. बरोबर येणारे बिट हातात घेऊन बघा, ३, ४, ५, ६ चे एलन आणि टी-२५ (चांदणीसारख्या खाचेचा) पाहिजेतच, हलक्या बिटाचे कोपरे गोल झाले की बोल्टचं डोकं पण घेऊन जातात. आणि पाना दोन्ही बाजूला क्लिक होतो का ते विचारा, काही फक्त उजवीकडंच होतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात असू द्या, मात्र पायडलचा जोर या छोट्या पान्याच्या रेंजबाहेरचा.

पाना नवीन असो की मित्राचा जुना, घरी एकदा तपासून घ्या. मी दुधाची किटली वापरली. ५ चा एलन बिट व्हाइसमध्ये आडवा पकडायचा, पाना त्यावर आडवा चढवायचा, हँडल उजवीकडं. चौकापासून मुठीच्या मधल्या खुणेपर्यंत मोजायचं, माझं २२ सेंटीमीटर आलं. किटलीत पाणी भरून सगळं वजन २.१ किलो केलं. २.१ गुणिले ९.८ गुणिले ०.२२, झाले ४.५. पान्याचं स्वतःचं ओझं धरायचं विसरू नका, बोटावर तोलून बघितला तर चौकापासून ११ सेंटीमीटरवर तोलला, वजन ३५० ग्रॅम, म्हणजे अजून ०.४. एकूण ४.९. पाना ५ वर लावून किटली त्या खुणेवर अडकवली आणि हात हळूहळू सोडला, दणका बसू द्यायचा नाही, तर काही झालं नाही. मग किटली काढून वाटीभर, म्हणजे १०० मिली पाणी अजून ओतलं, परत अडकवली, कट्ट. घरातले बघत होते, म्हणाले दुधाचा धंदा काढतोयस का.

वापरताना पाना मुठीच्या मधेच धरायचा, पुढं सरकून धरला की आकडा बदलतो. चार बोल्ट असले तर एकच पूर्ण आवळून मोकळं व्हायचं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे घेत सगळे शेवटपर्यंत आणायचे. कट्ट झालं की थांबायचं, खात्रीसाठी परत एकदा कट्ट करायची सवय लय जणांना असते, त्यात बोल्ट आणखी आवळला जातो. "मॅक्स ५" लिहिलं असेल तर ती हद्द आहे, तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही, ४ वर आवळून पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल फिरवून बघा, हलत नसेल तर राहू द्या. बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस, पण कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, त्याची खरखरीत पेस्ट मिळते ती लावा, कमी टॉर्कवर पण धरून ठेवते. घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला टॉर्क पाना वापरायचा नाही, त्याला साधी एलन की. काम झालं की मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून डब्यात, आमच्याकडं पावसात भिंतीला पण बुरशी येते तिथं पान्याचं काय.

राहिला दुसरा ढीग. कॅसेट आणि पायडलसाठी वेगळा मोठा पाना वर्षातनं एकदोनदाच लागतो, तेवढ्यासाठी घेऊ नका. २५ सेंटीमीटरच्या साध्या पान्याच्या टोकाला १६ किलोचा जोर म्हणजे ४० न्यूटन मीटर होतात, एकदा वजनकाट्यावर हातानं १६ किलो दाबून बघितलं की अंदाज येतो, आणि या बोल्टांना अंदाज चालतो. माझा तो अर्धा इंची पण कॅसेटला नीट नाही, ४० त्याच्या अगदी तळाशी येतं. तो आता भावजींकडं असतो, कारच्या चाकांच्या नटांना.