सांसुसी बघायचा तर खालून, द्राक्षवेलींकडून

तासगाव, मिरज भागातली बरीच पोरं आता जर्मनीत नोकरीला आहेत, त्यामुळे आई-वडिलांच्याही तिकडे फेऱ्या होतात. माझी लेक बर्लिनला असते. बर्लिनला गेलेला माणूस शेजारच्या पॉट्सडॅममधला सांसुसी राजवाडा बघून येतोच. बहुतेक जण बसने थेट वरच्या दारात उतरतात, दालनं बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याने तरी असं करू नये. इथे आधी द्राक्षं लावली गेली, घर त्यानंतर उभं राहिलं.

बर्लिनहून एस-७ लोकल पॉट्सडॅमला जाते. तिकीट एबीसी झोनचं काढा, नुसतं एबी चालत नाही. स्टेशनवरून ६९५ नंबरची बस वर राजवाड्यापर्यंत नेते, पण तुम्ही अलीकडेच लुइझेनप्लाट्झला उतरा आणि ग्र्यूनेस गिटर या हिरव्या फाटकातून चालत आत जा. बागेला तिकीट नाही. राजवाड्याच्या आतलं तिकीट मात्र ठरलेल्या वेळेचं असतं, ते मुलांना आधीच काढून ठेवायला सांगा. सोमवारी आत सोडत नाहीत.

पाट्या बघत मोठ्या कारंज्यापाशी या आणि टेकडीकडे तोंड करून उभे राहा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७४४ साली या उघड्या टेकडीवर द्राक्षबाग करायचा हुकूम दिला. दक्षिणेचा उतार कापून सहा टप्पे केले. टप्प्यांच्या भिंती सरळ नाहीत, मधोमध आत वळवल्या आहेत, म्हणजे ऊन जास्तीत जास्त वेळ धरून ठेवता यावं. आपण सतराव्या अक्षांशावर, हे गाव बावन्नाव्या. आपल्याला अवकाळीची आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती, त्यांना उन्हाची टंचाई.

आता पायऱ्या चढा, पण प्रत्येक टप्प्यावर थांबून भिंतीजवळ जा. भिंतीत काचेची दारं लावलेले कोनाडे दिसतील. सगळे मिळून १६८ आहेत. तिथल्या हवेत तग धरणारे वाण उघड्या भिंतीवर चढवलेले असत. परदेशातून आणलेले नाजूक वाण आणि अंजीर काचेआड. थंडी पडली की दारं लावायची, ऊन आलं की उघडायची. मांडव कुठेच नाही. तिथे ऊन तिरकं येतं, म्हणून वेल भिंतीला लागून उभी फाकवायची. दिवसभर तापलेली वीट रात्री तिला ऊब देते. आपण एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी घेतो, वेलीला लांब विश्रांती अशी मिळत नाही. तिथे पानं झडून ती हिवाळाभर झोपते. काडी आणि तिच्यावरचे डोळे, म्हणजे फुटवा निघायच्या जागा, जवळून बघा, आपल्या नजरेला फरक लगेच कळतो.

पायऱ्या १३२ आहेत. गुडघे दुखत असतील तर कडेने उताराचा रस्ता आहे.

खालून बघताना घर जमिनीत थोडं बुडाल्यासारखं वाटतं. क्नोबेल्सडॉर्फ या वास्तुकाराला घर जोत्यावर उचलून टप्प्याच्या कडेला आणायचं होतं, म्हणजे खालून ते पूर्ण दिसलं असतं. राजाने ऐकलं नाही. त्याला खोलीचं दार उघडलं की पाय थेट बागेत पडायला हवा होता. मला राजाचंच पटतं. १७४५ ते १७४७ मध्ये एकमजली घर झालं. बागेकडच्या भिंतीवर ३६ दगडी स्त्री-पुरुष छत पेलून उभे आहेत. ते मद्यदेव बॅकसचे सोबती. त्यांचे हसरे, झिंगलेले चेहरे एकेक करून बघा, दोन सारखे सापडणार नाहीत. आत घुमटाखालचं संगमरवरी दालन आणि सीडरच्या लाकडाचं गोल ग्रंथालय चुकवू नका. बाकीचं भरभर बघितलं तरी चालेल.

मग घराच्या मागे, ८८ खांबांच्या अर्धगोलातून समोरच्या टेकडीकडे बघा. तिथे मुद्दाम बांधलेले पडके रोमन अवशेष दिसतात. त्यांच्या मधोमध पाण्याची टाकी आहे. हाफेल नदीचं पाणी पवनचक्कीने तिथे चढवायचं आणि उतरत्या दाबावर खालचं कारंजं उडवायचं, असा बेत होता. पोकळ ओंडक्यांचे पाईप दाबाने फुटले. राजाने भरपूर पैसा ओतला, पण त्याच्या हयातीत कारंजं काही नीट चाललं नाही. १८४२ साली वाफेचं इंजिन बसलं तेव्हा पाणी चढलं. आपल्याकडच्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याची वाट बघत ज्यांची उमर गेली, त्यांना या टेकडीपाशी उभं राहून बरंच काही आठवेल. ते पंपघर नदीकाठी मशिदीच्या घाटाचं बांधलंय, मिनारासारखं दिसतं ते धुराडं. पायात बळ असेल तर तेही बघा.

वरच्या टप्प्यावर एका कडेला राजाची साधी फरशीची कबर आहे, शेजारी त्याच्या कुत्र्यांच्या. त्याला इथेच पुरायला हवं होतं. १७८६ साली वारला तेव्हा पुतण्याने चर्चमध्ये पुरलं. इथे आणलं ते १७ ऑगस्ट १९९१ ला. लोक फुलांऐवजी बटाटे ठेवतात, कारण प्रशियात बटाट्याची लागवड वाढावी म्हणून त्याने जोर लावला होता.

जायचं तर उन्हाळ्यात किंवा सप्टेंबरात जा. हिवाळ्यात कारंजं बंद असतं, संगमरवरी पुतळे लाकडी खोक्यांत झाकलेले असतात आणि वेलींवर नुसत्या काड्या उरतात.