काजूच्या कारखान्यात कॅमेरा नेताना

गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागातल्या काजू कारखान्यावर माहितीपट करायचा असेल तर आधी मजुरीची पद्धत विचारा. बिया फोडणाऱ्या आणि साल काढणाऱ्या बायांना बहुतेक ठिकाणी किलोवर पैसे मिळतात. तुम्ही एखादीला दहा मिनिटं बोलत ठेवलंत, तर तेवढी मजुरी तिची बुडते. म्हणून काम चालू असताना मी कुणालाच प्रश्न विचारत नाही. बोलणं संध्याकाळी, तिच्या घरी, तेही तिला सवड असेल तर.

पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊ नका. पूर्ण पाळी नुसतं बसून बघा. बी वाफवतात, गार करतात, फोडतात, गर ड्रायरमध्ये सुकवतात, साल काढतात, मग प्रतवारी. 'डब्ल्यू ३२०' ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अखंड गर. हे माहीत असलं की प्रतवारी करणाऱ्या बाईची नजर नेमकं काय शोधतेय ते तुम्हाला कळतं, आणि कॅमेरा कुठे धरायचा तेही.

सगळ्यात जास्त वेळ कटरपाशी द्या. पायाने पेडल दाबलं की पाती टरफलात रुततात, हाताने दांडा ओढला की बी उघडते. जरा जास्त दाब पडला की गराचा तुकडा होतो आणि तुकड्याला भाव कमी. एकाच बाईचे हात आणि पाय एका फ्रेममध्ये घ्या आणि दोन-तीन मिनिटं न कापता चालू द्या. कामाची लय तुकड्या-तुकड्यांत कधीच दिसत नाही. टरफलातलं तेल कातडी भाजतं, त्यामुळे बसण्याआधी हाताला तेल किंवा राख चोळतात. तो शॉट हवा असेल तर पाळी सुरू होण्याआधी पोचा.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. बॉयलरचा, कटरचा, बायांच्या गप्पांचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड करा. पार्श्वसंगीत शक्यतो टाळाच. कटरची खटखट पुरेशी बोलते.

परवानगीचं मात्र नीट समजून घ्या. १८९५ मध्ये सिनेमाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई ल्युमिएरने फ्रान्समधल्या लियों शहरातल्या स्वतःच्याच कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार टिपले. जेमतेम ५० सेकंदांची ती फिल्म ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेल्या भारतातल्या पहिल्या चित्रपट-खेळातही होती. कॅमेरा मालकाचा होता आणि दाराबाहेर होता. आपल्यालाही आत सोडतो तो मालकच, पण त्याच्या होकारात बायांचा होकार येत नाही. सुपरवायझर जवळ नसताना प्रत्येकीला वेगळं विचारा. चेहरा नको म्हणाली तर फक्त हात घ्या.

कोकणी, मराठी, ओडिया, हिंदी, जी ज्या भाषेत बोलेल तीच ठेवा, खाली मराठी सबटायटल द्या. निवेदकाचा भारदस्त आवाज वर चढवू नका.

संकलन झालं की पहिला खेळ त्याच बायांसाठी, सुट्टीच्या दिवशी, गावातल्या देवळाच्या सभागृहात लावा. एखादीने शॉट काढायला सांगितला तर काढा, कारण विचारू नका. महोत्सवाला पाठवायची प्रत त्यानंतरच तयार करा.