ठेकेदाराने परवानगी न काढताच घर बांधायला घेतले असेल तर काय करावे?

"परवानगीचे मी बघतो" असे ठेकेदार म्हणतो, आपण विश्वास ठेवतो, आणि जोत्यापर्यंत काम आल्यावर नगरपालिकेचा माणूस नोटीस घेऊन दारात उभा राहतो. ती नोटीस ठेकेदाराच्या नव्हे, जागामालकाच्या नावाने असते, कारण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार परवानगीचा अर्ज जमीन विकसित करणाऱ्याने, म्हणजे इथे घर बांधवून घेणाऱ्या मालकाने, करायचा असतो.

शंका येताच आधी काम थांबवावे आणि पुढचा हप्ता रोखावा. ठेकेदार स्लॅब उरकून घेण्याची घाई करील. त्याला बळी पडू नये, कारण अनधिकृत बांधकाम जितके वाढेल तितके पाडण्याचे संकटही वाढते.

मग त्याच्याकडे दोन कागद मागावेत : बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा. नुसती अर्जाची पोच पुरेशी मानू नये. लहान भूखंडांसाठी सोपी पद्धत असली, तरी तिथेही वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही आणि शुल्काची पावती लागते. कागदावरचा क्रमांक नगररचना विभागात स्वतः जाऊन पडताळावा. तिथे दाद लागली नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते.

परवान्याविषयीही मोठा गैरसमज आहे. ठेकेदार शासकीय कामांसाठी नोंदणीकृत असला, म्हणून त्याला तुमच्या घराचा नकाशा मंजूर करून घेण्याचा अधिकार मिळत नाही. त्यामुळे नकाशावर ज्याची सही आहे त्या वास्तुविशारदाची नोंदणी वास्तुकला परिषदेकडे आहे का, किंवा अभियंत्याचा परवाना पालिकेचा आणि चालू मुदतीचा आहे का, हे पाहावे. वीजजोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. घरपट्टी लागू झाली म्हणजे घर कायदेशीर झाले, हाही असाच भ्रम आहे.

परवानगी नाहीच असे ठरले, तर स्वतंत्र वास्तुविशारदाकडून झालेल्या कामाचे मोजमाप करून घ्यावे. सामासिक अंतरे (भूखंडाच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आणि चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र) नियमांत बसत असतील, तर याच नगररचना अधिनियमाच्या कलम 44 खाली अर्ज करून प्रशमन शुल्क (चूक नियमित करण्यासाठी आकारली जाणारी रक्कम) भरून बांधकाम नियमित करून घेण्याची वाट मोकळी असते. नोटीस आलेली असल्यास हा अर्ज नोटिशीत दिलेल्या मुदतीतच करावा. माझ्या मते सर्वाधिक घरे इथेच अडकतात, कारण मालक साहेबांना भेटून बोलण्यात दिवस घालवतात आणि लेखी अर्ज मागे राहतो. नियमांत न बसणारा भाग मात्र काढावाच लागतो, आणि तो स्वतः काढलेला बरा.

ठेकेदाराचा हिशेब वेगळा मांडावा. करारनामा, बँकेतून दिलेल्या रकमा, मोबाइलवरचे संदेश आणि कामाची तारखेसह छायाचित्रे एकत्र ठेवून वकिलामार्फत नोटीस पाठवावी. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवा मानली आहे. मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाद मागता येते. प्रमाणपत्रच बनावट निघाले, तर पोलिसांत फिर्यादही द्यावी, आणि तीत उशीर करू नये, कारण तोच कागद पुढे तुमच्याच नावावर दाखवला जाऊ शकतो.