तोडे सुरू असताना फवारणी: आधी पुढच्या तोड्याची तारीख बघा

पावसाळी हवेत भेंडी, मिरची, टोमॅटो, काकडी या पिकांवर कीड-रोगांचा जोर असतो आणि नेमका तेव्हाच माल तोडणीला येत असतो. दोन तोड्यांत अंतर दोन-तीन दिवसांचे, तर औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर माल तोडण्याआधी जाऊ द्यावे लागणारे दिवस) अनेकदा त्याहून जास्त. खाणाऱ्याच्या ताटात औषधाचे अंश जातात ते बहुतेक याच फटीतून. म्हणून कीड कशाने मरेल हे बघण्याआधी पुढचा तोडा कधी आहे ते बघा.

प्रतीक्षा काळ लेबलवर पिकानुसार दिलेला असतो. एकच औषध एका पिकात लवकर विरते, दुसऱ्यात बरेच दिवस टिकते. त्यामुळे एका पिकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. लेबलवर आपल्या पिकाचे नावच नसेल तर ते औषध त्यावर मारूच नये. ज्या पिकासाठी औषधाची अवशेष मर्यादा (मालात जास्तीत जास्त किती अंश चालतील ती पातळी) ठरलेली नाही, तिथे युरोपीय संघात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे १०० टन मालात १ ग्रॅम!

मात्रा वाढवली की हा हिशेब कोलमडतो. समजा, एखाद्या औषधाचे अंश दर ३ दिवसांनी निम्मे होतात. दुप्पट मात्रा मारली तर ते लेबलच्या पातळीवर यायलाच ३ दिवस जास्त लागतील. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत सक्रिय घटक एकच असला तरी हेच घडते, म्हणून मिसळण्याआधी घटकाचे नाव वाचा.

'पाऊस पडला, औषध धुऊन गेले' हा समज मला सर्वांत घातक वाटतो. पावसाने पृष्ठभागावरचा काही भाग जातो. आंतरप्रवाही औषध तोवर पानाफळात शिरलेले असते. स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारे द्रावण) घातले असेल तर वरचेही सहज निघत नाही. शिवाय ढगाळ हवेत ऊन कमी, त्यामुळे उन्हाने होणारे विघटनही मंदावते. पाऊस झाला तरी प्रतीक्षा काळातला एकही दिवस कमी धरू नका. घरी भाजी धुण्याचेही तसेच: वरचे अंश कमी होतात, आतले नाहीत.

फवारणी तोड्याआधी नको, तोडा झाल्यावर करा. तयार झालेले प्रत्येक फळ आधी काढून घ्या, मग संध्याकाळी वारा शांत असताना फवारा. जास्त प्रतीक्षा काळाची औषधे फुलोऱ्याआधीच वापरून घ्या. तोडे सुरू झाल्यावर निंबोळी अर्क, बीटी (अळ्या मारणारा जिवाणू) यांसारख्या जैविक कीडनाशकांवर भर द्या. ती सावकाश काम करतात, त्यामुळे अळ्या लहान असतानाच मारावी लागतात. त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून किडीची चाहूल देणारे) रोज पाहायला हवेत. कधी नाइलाजाने कडक औषध मारावेच लागले, तर प्रतीक्षा काळ संपेपर्यंतचे तोडे सोडून द्यायचे. तो माल बाजारात नाही, घरच्या स्वयंपाकातही नाही आणि जनावरांपुढेही नाही. नुकसान होते, पण लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात अन्न जास्त जाते, तसे अंशही जास्त जातात. तिथे तडजोड नको.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. तोडलेला माल ताजा दिसावा म्हणून औषधाच्या पाण्यात बुडवू नका. प्रत्येक फवारणीची तारीख, प्लॉट, घटक, मात्रा आणि प्रतीक्षा काळ संपून तोडा कधी मोकळा होणार ती तारीख वहीत लिहा. तोडणीला मजूर येतात तेव्हा तोडा मोकळा होण्याची ही तारीख बांधावरच्या पाटीवरही असू द्या.