ऑपरेशननंतर फुप्फुसातून हवा गळतेय? बाटली अशी सांभाळा

फुप्फुसाचा भाग काढला किंवा पुवामुळे धरलेलं जाड आवरण सोलून काढलं, की तिथून थोडी हवा झिरपतेच. ती बाहेर काढायला छातीत नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडतात. फुप्फुस फुगून छातीच्या भिंतीला टेकलं, की बहुतेक भोकं आपोआप बुजतात. आपली सगळी धडपड त्यासाठीच.

विडी-सिगारेट बंद. सर्जनने परवानगी दिली की बाटली हातात घेऊन चालायचं. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र ओढायचं, फुंकायचं नाही. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. दुखतंय म्हणून खोकला दाबू नका, वेदनाशामक मागून घ्या.

खरी चूक होते ती बाटलीपाशी. बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी ठेवा. नळीचं टोक पाण्यात साधारण २ सेंमी बुडालेलं हवं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं, त्याला घाबरू नका. बुडबुडे येत असतील तर हवा अजून गळतेय. पाण्याचं हलणं अचानक थांबलं, तर आधी पेशंट नळीवर झोपलाय का, नळी दुमडलीय का ते पाहा आणि लगेच सिस्टरना बोलवा.

आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावू देऊ नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो लावला होता. पेशंटला एक्स-रेला न्यायचं होतं, वाटेत बाटली कलंडेल अशी भीती वाटली. लिफ्टमधून बाहेर पडेपर्यंत त्यांना धाप लागली, मान सुजली आणि कातडीवर बोट ठेवलं की करकर जाणवायला लागली. चिमटा काढताच बाटलीत भसाभसा बुडबुडे आले. वाट बंद झाल्यावर हवा आतच साठते आणि फुप्फुसाला दाबते. त्यात जीव जाऊ शकतो. चिमटा कधी लावायचा हे डॉक्टरच ठरवतील. ट्रॉलीवरून नेताना एका माणसाने फक्त बाटली धरायची, दुसरं काही नाही.

नळी बाटलीपासून सुटली तरीही चिमटा नको. सुटलेलं टोक निर्जंतुक पाण्याच्या किंवा सलाइनच्या बाटलीत बुडवा, ती छातीच्या खाली धरा आणि सिस्टरना हाक मारा. नळी छातीतूनच निघाली तर भोकावर गॉज दाबून धरा आणि मदत येईपर्यंत जागचे हलू नका.

‘सक्शन (यंत्राने हवा ओढणं) वाढवा’ असा आग्रह नातेवाईक हमखास धरतात. धरू नका. जास्त ओढीने भोक उघडंच राहू शकतं. कित्येकदा नुसत्या पाण्याच्या बाटलीवर गळती लवकर थांबते.

गळती ५ दिवसांहून जास्त चालली तर ती लांबली असं म्हणतात. तेव्हा डॉक्टर कधी एकेरी झडपेची पिशवी लावून घरी पाठवतात. घरी ताप आला, धाप वाढली किंवा मान-छाती फुगायला लागली, तर सकाळची वाट पाहू नका.